मापाडी आणि वेळशीच्या तिसऱ्या

यंत्राचं सरकारी नाव होतं 'संशोधन परिणाम मापन प्रणाली'. ते उच्चारायला कोणाला वेळ होता? सह्यसागर विद्यापीठातले लोक त्याला मापाडी म्हणत. बाजार समितीत धान्याच्या ढिगाजवळ बसून माप टाकणारा माणूस विकणाऱ्याचं ऐकत नाही आणि घेणाऱ्याचंही ऐकत नाही. हाही तसाच, म्हणून मापाडी. नाव कोणी ठेवलं ते आता सांगता येणार नाही, पण पहिल्याच वर्षी ते कुलगुरूंच्याही तोंडी बसलं.

मापाडी येण्याआधी मोठी मजा होती. आधी प्राध्यापकांचे शोधनिबंध नुसते मोजत. मग त्या निबंधांचा उल्लेख इतरांनी किती वेळा केला ते मोजू लागले. पुढे जगाने सतरा शाश्वत विकास उद्दिष्टं ठरवली आणि तुमच्या संशोधनाचा त्यातल्या कशाला हातभार लागतो, हे प्राध्यापकांनीच सांगायची पद्धत आली. मग काय विचारता! शब्द शोधणारी साधी यंत्रं होती. निबंधात 'भूक' सापडलं की दुसरं उद्दिष्ट, 'पाणी' सापडलं की सहावं. लावणीतल्या पाणवठ्यांवरचा एक निबंध स्वच्छ पाण्याच्या खात्यात जमा झाला होता आणि तो लिहिणाऱ्या बाईंनी त्याबद्दल प्रमाणपत्रही घेतलं होतं. सगळ्या जगातली विद्यापीठं अशी छातीठोक प्रगती करत राहिली, आणि उद्दिष्टांची मुदत संपली तेव्हा उद्दिष्टं आपली होती तिथंच होती. मुदत पंधरा वर्षांनी वाढवली गेली. त्याबरोबर मापाडी आला.

मापाड्याची रीत निराळी. निबंधात काय लिहिलंय यापेक्षा निबंधानंतर जगात काय घडलं, ते तो बघतो. सरकारी आदेश, बातम्या, दवाखान्यांच्या नोंदी, बाजारातले व्यवहार, उपग्रहांनी टिपलेली जमीन आणि पाणी, नद्यांत-खाड्यांत बसवलेली मोजणीची उपकरणं, हे सगळं चाळून तो एका निबंधापासून निघालेला माग शेवटपर्यंत काढत जातो. मग तो दुसरं जग मांडतो. या दुसऱ्या जगात सगळं जसंच्या तसं असतं, फक्त तो एक निबंध कधी लिहिलाच गेलेला नसतो. हे जग तो हजारो वेळा पुढे चालवून बघतो, कारण प्रत्येक खेपेला ते थोडं वेगळं वळण घेतं. आपलं जग आणि त्या सगळ्या दुसऱ्या जगांची सरासरी यांच्यात जो फरक निघेल, ते त्या निबंधाचं योगदान. ते धन असतं, ऋण असतं, आणि बहुतेकांचं शून्य असतं. अनुदान त्याच्यावर, बढती त्याच्यावर, विभाग चालू राहणार की बंद होणार तेही त्याच्यावर.

पहिल्या मापनाचा निकाल लागला त्या सकाळी सभागृहात अशी शांतता होती की पंख्याची घरघर ऐकू येत होती. शीर्षकात 'शाश्वत' हा शब्द घालून आयुष्यभर निबंध लिहिलेले प्राध्यापक पटवर्धन पहिल्या रांगेत बसले होते. त्यांचं योगदान शून्याच्या इतकं जवळ होतं की मापाड्याने ते पूर्णांकात दाखवण्याची सोय केली होती.

"म्हणजे मी नसतो तरी चाललं असतं," पटवर्धन म्हणाले. त्यांच्या पत्नी घरी हेच म्हणत, असंही त्यांनी पुढे सांगितलं. हसू कोणालाच आलं नाही.

आणि यादीत सगळ्यात वर कोण, तर डॉ. हेमांगी कुबल. निबंधही कुठला, तर बारा वर्षांपूर्वीचा, चार पानी, एका लहानशा नियतकालिकात आलेला: 'वेळशी खाडीतील तिसऱ्यांमध्ये शिसे व कॅडमियम यांचे प्रमाण'. तिसऱ्या म्हणजे खाडीच्या चिखलात सापडणाऱ्या, खाण्याच्या शिंपल्या. कोणी फारसा वाचला नव्हता. स्वतः हेमांगीलाही त्याचा जवळजवळ विसर पडला होता. ती सागरी जीवशास्त्राची प्राध्यापक, चाळिशी ओलांडलेली, बोलायला कमी, कामाला चोख. लोक वळून तिच्याकडे पाहायला लागले तेव्हा तिने आधी मागे वळून पाहिलं, आपल्या मागे कोण बसलंय म्हणून.

कुलगुरू डॉ. सबनीसांनी पडद्यावर माग उघडून दाखवला. हेमांगीच्या निबंधाची बातमी स्थानिक वर्तमानपत्रात आली. बातमीवरून ओरड झाली. ओरडीवरून जिल्हा प्रशासनाने वेळशी खाडीत तिसऱ्या काढायला बंदी घातली. चिखल उकरणं थांबलं, तशी कांदळवनाची रोपं तगायला लागली. कांदळवन पसरलं, त्याच्या मुळांत माशांची पिल्लं वाढली, बाहेरच्या समुद्रातली मासळी सुधारली, चिखलात कार्बन साठला, दोन वादळांत किनाऱ्यावरची घरं वाचली. त्याशिवाय आरोग्याचं खातं: निबंधातल्या आकड्यांवरून मोजलेली, शिशाच्या विषबाधेपासून वाचलेली बालकं. धन, धन, धन. एकाच लहानशा फांदीवर 'उपजीविकेची हानी' असं लिहिलं होतं आणि पुढे 'नगण्य'.

त्या 'नगण्य'वर हेमांगीची नजर क्षणभर अडखळली. वेळशी तिचं गाव. ओहोटीला कमरेला पदर खोचून, पाटी आणि कोयती घेऊन चिखलात उतरणाऱ्या बायका तिने जन्मल्यापासून पाहिल्या होत्या. त्या दारोदार फिरून तिसऱ्या विकत, पावती फाडत नसत. ज्याची नोंद नाही ते मापाड्याला दिसणार कुठून? पण तेवढ्यात शाल आली, श्रीफळ आलं, फोटोवाला "मॅडम, इकडे" म्हणाला, आणि ती इकडे बघून हसली. आनंद झालाच होता तिला, उगाच खोटं कशाला बोला!

संध्याकाळी तिने वेळशीला वासंती वहिनीला फोन लावला. हेमांगीची आई ती शाळेत असतानाच गेली. दादा तेव्हा महिना-महिना ट्रॉलरवर असायचा. हिचं जेवणखाण, वेणीफणी, कॉलेजात जाण्याचा हट्ट, सगळं या वहिनीने निभावलं, तिसऱ्या काढून आणि विकून. बंदी आल्यावर ती कोळंबी सोलायच्या कारखान्यात जाऊ लागली. दिवसभर बर्फाच्या पाण्यात हात. पण निबंधाबद्दल तिच्या तोंडून कधी वाकडा शब्द आला नव्हता. उलट गावभर सांगायची, आमच्या हेमाने शोधून काढलं म्हणून.

"पयलो नंबर? अगो बाय!" वहिनी फोनवर ओरडलीच. मग आवाज खाली आला. "तू शोधून काढलंस म्हणान बाकीच्यांची पोरां तरी वाचली गे. माझ्या मिनूचा जा झाला ता झाला."

मिनू म्हणजे वहिनीची मुलगी, मीनल. आता पंचविशीच्या घरातली. हसरी, प्रेमळ, पण समज सात-आठ वर्षांच्या मुलाएवढी. का, ते कोणत्याच डॉक्टरला नेमकं सांगता आलं नव्हतं. मग हेमांगीचा निबंध आला, आणि त्यात लिहिलं होतं की शिसं लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला अपाय करतं. त्या दिवशी वहिनीला तिचं उत्तर सापडलं. मिनू दात आल्यापासून तिसऱ्यांचं बिनरश्श्याचं सुकं आवडीने खायची आणि वहिनी तिला हाताने भरवायची. मिनूच्या रक्तात शिसं मिळालं नाही, तर डॉक्टर म्हणाले, लहानपणचं शिसं रक्तात राहत नाही, हाडांत मुरतं. झालं! शंकेला जागाच उरली नाही.

"औषद निघालां काय गे त्याच्यार?" वहिनीने विचारलं. प्रत्येक फोनच्या शेवटी ती हे विचारायचीच.

"निघेल, वहिनी. प्रयत्न चाललेत," हेमांगी म्हणाली. हेही ठरलेलंच.

पुढच्या रविवारी विभागातल्या चौघा-पाचजणांना तिने जेवायला बोलावलं. मासळी बाजारात दुसऱ्या एका खाडीच्या तिसऱ्या छान मिळाल्या. शनिवारी संध्याकाळीच तिने त्या पातेल्यात घालून वर पाणी ओतलं, चिमूटभर मीठ टाकलं आणि झाकण ठेवून दिलं. यात विचार करण्यासारखं काही नसतं. तिसऱ्या आणल्या की पाण्यात ठेवायच्या, म्हणजे रात्रभरात त्या पोटातली वाळू आणि चिखल सोडतात. न ठेवता शिजवल्या तर घास कचकचतो आणि अख्ख्या घरादाराची बोलणी खावी लागतात. किनाऱ्यावरच्या लहान पोरीलाही हे कोणी शिकवावं लागत नाही.

सकाळी तिने पाणी ओतून दिलं. पातेल्याच्या तळाशी काळसर गाळाचा थर होता. ती तो बोटाने पुसायला गेली आणि बोट तिथेच राहिलं.

बारा वर्षांपूर्वी वेळशीच्या खाडीतून तिने नमुने गोळा केले, ते काठावरच पिशवीत बंद केले, बर्फात घातले आणि प्रयोगशाळेत नेऊन गोठवले. मग शिंपला उघडून आतलं सगळं मांस दळलं आणि मोजलं. पोटातल्या चिखलासकट! पाण्यात ठेवलेच नव्हते. का नाही ठेवले? ते तिला लख्ख आठवलं. तिचे मार्गदर्शक नमुन्यांकडे बघत म्हणाले होते, "काही धुणंबिणं केलं नाहीत ना, बाई? ही प्रयोगशाळा आहे, स्वयंपाकघर नाही." आणि ती मान ताठ करून म्हणाली होती, "छे, सर. जसेच्या तसे आणलेत." विद्यापीठात नवी आलेली, तिसऱ्या विकणाऱ्या घरातली मुलगी. स्वयंपाकघर प्रयोगशाळेच्या उंबऱ्याबाहेर ठेवायचं, हे तिने फार मनावर घेतलं होतं. घरी जी चूक तिने जन्मात केली नसती, ती तिने तिथे अभिमानाने केली.

खाडीच्या चिखलात शिसं असतंच. जुन्या होड्यांचे रंग, बंदराची घाण, वर्षानुवर्षं खाली बसलेलं. तिने मोजलं होतं ते चिखलातलं शिसं. आणि त्या चिखलासकट तिसरी खाणारा माणूस अख्ख्या वेळशीत एकही नव्हता.

पाहुणे आले, जेवले, वाहवा करून गेले. आपण काय वाढलं आणि ते काय बोलले, हे तिला नंतर आठवेना.

आता शंका आली म्हणजे ती खरीच, असं मानणारी ती नव्हती. संशोधनाचा परवाना काढून ती स्वतः वेळशीच्या खाडीत उतरली, वहिनीला न कळवता, पलीकडच्या तीरावरून. नमुन्यांचे दोन भाग केले. अर्ध्या तिसऱ्या लगेच गोठवल्या, अर्ध्या स्वच्छ खाऱ्या पाण्यात रात्रभर ठेवून मग. निकाल इतका सरळ होता की तिला रडू आलं. वाळू न सोडवलेल्या तिसऱ्यांत शिसं जुन्या निबंधाइतकंच. म्हणजे चिखल तोच होता. वाळू सोडलेल्यांत धोक्याच्या पातळीच्या पार खाली. कॅडमियमचंही तेच. वेळशीच्या तिसऱ्या तेव्हाही खाण्याजोग्या होत्या आणि आजही आहेत.

तिने दुरुस्ती लिहिली. एक पान. पण विद्यापीठातून बाहेर जाणारा प्रत्येक कागद आता आधी मापाड्याकडे जायचा. तो कागद प्रसिद्ध झाला तर जगाचं पुढे काय होईल, याचा अंदाज मापाडी काढून द्यायचा, याला पूर्वमापन म्हणत. पूर्वमापन ऋण आलं तर कागद अडकायचा. तिच्या एका पानाचं पूर्वमापन विद्यापीठाच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं ऋण होतं. बंदी उठेल, मापाड्याने माग मांडला होता, आणि खाडीत बायका नव्हे तर यांत्रिक उपसा करणाऱ्या बोटी येतील. चिखल खरवडला जाईल, कांदळवन जाईल, मासळी जाईल, साठलेला कार्बन सुटेल.

ती कुलगुरूंकडे गेली. सबनीस वाईट माणूस नव्हते. त्यांनी एक पान दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि चहा मागवला.

"चूक झाली हे मला मान्य आहे, बाई. शास्त्र म्हणून तुमचं बरोबर आहे."

"मग जाऊ द्या ना ते बाहेर."

"आणि खाडीचं काय करू? तुम्हीच सांगा. तिथलं कांदळवन खोटं आहे का? मासे खोटे आहेत?"

"नाहीत, सर. पण त्या आरोग्याच्या खात्यातली विषबाधेतून वाचलेली मुलं खोटी आहेत. विष नव्हतंच, तर वाचली कशातून?"

"तेवढी वजा करू. तरी उरतंच की कितीतरी." सबनीसांनी कप पुढे सरकवला. "हे बघा, हा मापाडी तुम्ही-आम्ही बनवलेला नाही. त्याला सतरा उद्दिष्टं दिलीत. गरिबी आहे, भूक आहे, पाणी आहे, समुद्र आहे. सत्य त्यात कुठे आहे? कितव्या क्रमांकावर?"

हेमांगीने ते एक पान टेबलावरून आपल्याकडे ओढून घेतलं.

"खोटं बोला असं मी म्हणत नाही," ते मऊ आवाजात म्हणाले. "फक्त बोलू नका. नव्या सागर संस्थेच्या संचालकपदासाठी तुमचंच नाव पुढे आहे. पुढच्या महिन्यात बैठक आहे. थोडं थांबा."

आणि ती थांबली. इथे वाचकाला वाटत असेल की ताडकन उठून तिने दार आपटलं. नाही आपटलं. चहा पिऊन, नमस्कार करून ती बाहेर आली. तिला कांदळवन खरंच आवडत होतं. संचालकपदही आवडलं असतं. शिवाय बारा वर्षं लोटली आहेत, आणखी दोन-चार महिन्यांनी असं काय आकाश कोसळणार आहे, अशी स्वतःची समजूत घालायला तिला फार कष्ट पडले नाहीत. शिकलेल्या माणसाला समजूत घालायला सांगावं लागत नाही.

तरी वेळशीला फोन करायचं ती टाळू लागली. शेवटी वहिनीचाच आला.

"खंय आसस गे? जीव बरो आसा मां?"

"कामात होते, वहिनी. मिनू कशी आहे?"

"बरी आसा. काल तुझ्या दादान तिका मोदक भरवल्यान, खूष झाली." मग नेहमीसारखं थोडं थांबून, "औषद निघालां काय गे त्याच्यार?"

हेमांगीने तोंड उघडलं. 'निघेल' हा शब्द जिभेवर आलेला होता. तो तिला उच्चारता आला नाही.

दादान भरवल्यान. तिच्या डोक्यात एकदम काहीतरी जुळलं. वेळशीला गेली की ती बघायची, मिनूचं ताट दादा वाढतो. मासे दादा मोडून देतो, भात दादा कालवतो. वहिनी चुलीपाशी बसून सगळ्यांना वाढायची, पण मिनूच्या ताटाशी आली की पातेलं दादाकडे द्यायची. हेमांगी दादाला चिडवायची, "लेकीचा फार लाडका झालायस बाबा तू!" दादा खाली मान घालून मिनूचा मासा मोडत राहायचा. ती पद्धत केव्हापासून सुरू झाली याचा हिशेब तिने आजवर लावला नव्हता, आणि आता लावायला काही अवघड नव्हता. निबंध आला तेव्हापासून वहिनीने मिनूला आपल्या हाताने घास दिला नव्हता.

"हेमा? आयकतंस मां?"

"वहिनी, मी उद्या येते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मग तिने संगणक उघडला. विद्यापीठाच्या वाटेने कागद बाहेर जाणार नव्हता. पण शास्त्रज्ञांचा एक खुला संग्रह होता, तिथे कोणीही स्वतःच्या नावाने, स्वतःच्या जबाबदारीवर लिहू शकत होतं. तसं करणं सेवानियमांविरुद्ध होतं. तिने दुरुस्ती तिथे टाकली. खाली आणखी एक परिच्छेद जोडला: खाडी राखायची असेल तर ती खाडीच्याच नावाने राखा, यांत्रिक उपशावर बंदी ठेवा, हाताने काढणाऱ्या बायकांना मोकळं करा, विषाचं खोटं कारण काढून घ्या. एक प्रत जिल्हा प्रशासनाला पाठवली, एक सबनीसांना. कोणतंही बटण दाबताना तिला शूरवीर झाल्यासारखं वाटलं नाही.

पुढचं सगळं यथासांग झालं. कारणे दाखवा नोटीस आली. संचालकपद दुसऱ्याला गेलं. पुढच्या मापनात डॉ. कुबल यांचं नाव यादीच्या अगदी तळाशी होतं, ऋण चिन्हासकट, आणि प्राध्यापक पटवर्धनांनी तिला मुद्दाम भेटून सांगितलं की आपण आता मधल्या फळीत आलो. जिल्ह्याच्या कचेरीत तिच्या कागदावर शेरे पडत राहिले. बंदी पूर्ण उठवायची, अर्धी उठवायची की तशीच ठेवायची, यावर समिती बसली आणि बसूनच आहे. मापाड्याने बोटींबद्दल केलेलं भाकीत खरं ठरेल की नाही, हे आजही कोणाला सांगता येत नाही. पण हे सगळं नंतरचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वेळशीला पोचली तेव्हा तिच्या हातात स्टीलची बरणी होती. प्रयोगासाठी काढलेल्यांतल्या उरलेल्या तिसऱ्या, वाळू सोडवून तिने गोठवून ठेवल्या होत्या. दादा ओसरीवर जाळं सांधत होता. मिनू धावत येऊन आत्याच्या गळ्यात पडली. वहिनी पदराला हात पुसत बाहेर आली. बर्फाच्या पाण्याने बोटं सुजून जाडसर झाली होती.

हेमांगीने तिला ओसरीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. पुस्तकी शब्द एकही वापरला नाही. "वहिनी, मी तिसऱ्या पाण्यात ठेवल्या नव्हत्या. वाळूसकट दळल्या. शिसं चिखलात होतं, तिसऱ्यांत नव्हतं. तू घरी ज्या करायचीस त्यांत कधीच नव्हतं."

वहिनी पुढे झुकली. "पाण्यात ठेवलंस नाय?" एवढंच ती म्हणाली. जणू ऐकण्यासारखं त्यात तेवढंच होतं. "तू? माझ्या हाताखाली वाढलंस आणि पाण्यात ठेवलंस नाय?"

"नाही ठेवल्या."

"कित्याक?"

"लाज वाटली, वहिनी. लोक स्वयंपाकीण म्हणतील म्हणून."

दादाचा हात जाळ्यात थांबला होता. वहिनीने अंगणातल्या मिनूकडे पाहिलं. मग म्हणाली, "मगे मिनूचा?"

"मिनूचं का झालं ते मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. पण ते तुझ्या हातच्या जेवणाने झालेलं नाही. ते मी तुला खात्रीने सांगते. ते खरं नव्हतं. माझी चूक होती ती, तुझी नव्हती."

"तेव्हाय तू खात्रीनच सांगितललंस," वहिनी म्हणाली.

हेमांगी उठली, बरणी घेऊन आत गेली. तिला या घरात भांडी कुठे असतात ते अजून माहीत होतं. कांदा चिरला, ओलं खोबरं आणि वाटण घातलं, कोकमं टाकली. शिंपल्या उघडायला लागल्या तसा तो जुना वास घरभर झाला. दारात वहिनी येऊन उभी राहिली.

"खंयच्यो ह्यो?"

"आपल्याच खाडीतल्या."

"बंदी आसा ना?"

"आहे."

हेमांगीने ताटलीत सुकं काढून घेतलं, जमिनीवर बसली आणि खायला लागली. एक शिंपली, दुसरी, तिसरी. सावकाश, एकेक चोखून. वहिनी तिच्या तोंडाकडे एकटक बघत होती. डोळ्यांत राग होता, दुसरं काय असणार? बारा वर्षांचा राग काही एका ताटलीने जात नाही. तो पुढेही कितीतरी दिवस राहिला, अधूनमधून फोनवरही निघाला, आणि हेमांगीने तो ऐकून घेतला.

पण ताटली अर्धी झाल्यावर वहिनी खाली बसली. एक शिंपली उचलून तोंडात घातली. चावताना थांबली, जिभेने चाचपून बघितलं. कचकच लागली नाही.

"मीठ कमी पडला," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

जेवायची पानं घेतली. मिनू तिच्या नेहमीच्या पाटावर येऊन बसली आणि सवयीने बाबाकडे बघू लागली. दादाने सवयीने हात पुढे केला. वहिनीने पातेलं त्याला दिलं नाही. ती मिनूच्या समोर उकिडवी बसली, त्या सुजलेल्या बोटांनी शिंपल्या उघडून आतलं मांस काढलं, भातात कालवलं आणि घास केला.

मिनूने घासाकडे पाहिलं, मग आईकडे, मग बाबाकडे. "बाबा कित्याक नाय वाढूचो आज?"

"आज मी वाढतंय," वहिनी म्हणाली. "आ कर."